कानशीचा एक हात

एका बेटावर एक सराफ राहत होता. बेटाचं नाव खारबेट आणि सराफाचं नाव भिकूशेट. नाव भिकू असलं तरी माणूस खाऊनपिऊन सुखी होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच हळहळत बसाल.

खारबेटावर नारळ होते, मासळी होती, मिठागरं होती. भात मात्र पिकत नव्हतं. तांदूळ यायचा समुद्रावरून, गलबतात भरून, आणि तोही पावसाळ्याच्या आधी. एकदा समुद्र खवळला की दसऱ्यापर्यंत बेटाकडे कोणी फिरकत नसे. म्हणून पाऊस तोंडावर आला की जो तो आगोटीची बेगमी करी, कणगी भरून ठेवी. कणगी रिकामी राहिली तर श्रावणात लेकरांच्या ताटात काय वाढायचं, हा घोर तिथल्या प्रत्येक आईला असे.

अशा या बेटावर एके साली टोपीकर, म्हणजे गोरे व्यापारी, आले. त्यांनी एक गढी बांधली, तिच्या शेजारी वखार बांधली आणि वखारीच्या मागे टाकसाळ घातली. टाकसाळीतून चांदीचे रुपये पडू लागले. गोल, कोरे करकरीत, दगडावर टाकले की खणकन वाजणारे! वखार लोकांकडून मीठ आणि नारळ घेई आणि बदल्यात रुपये देई. लोक बापजन्मापासून मिठाला मासळी आणि मासळीला खोबरं देत आलेले. त्यांना या गोल तुकड्याचा भरवसा कसा वाटावा? ते तो दाताखाली धरून बघत, नाकाशी नेत, आणि शेवटी भिकूशेटच्या पेढीवर आणत.

भिकूशेट रुपया दगडावर वाजवी, कसोटीवर घासी आणि तराजूत टाकी. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्याचा मापाचा रुपया असे. टाकसाळीतून पडलेल्या अगदी पहिल्या घाण्यातला तो रुपया त्याने वजनासाठी म्हणून जपून ठेवला होता. पारडी सारखी झाली की भिकूशेट मान हलवी. त्याने मान हलवली की रुपया खरा. मग तो बेटावर कुठेही बिनबोभाट चाले.

आता देवीचं सांगतो. खारबेटाची देवी खारजाई. काळ्या दगडाची, शेंदूर माखलेली, समुद्राकडे तोंड करून बसलेली. पलीकडच्या काठावर एक मोठं गाव होतं आणि त्या गावच्या देवीला चांदीचा मुखवटा होता. जत्रेला गेलं की तिथले लोक खारबेटकरांना हटकून विचारत, “काय, तुमची देवी अजून दगडाचीच का?” खारबेटकर कसनुसं हसत. परत येताना होडीत कोणी कोणाशी बोलत नसे.

शेवटी गावकी बसली. ठरलं, आपल्याही देवीला मुखवटा हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वर्गणीचं ताट फिरलं. आणि काय सांगू तुम्हाला, त्या ताटाकडे बघायला एकालाही सवड होईना! एकाची होडी गळत होती. एकाच्या मुलीचं लग्न होतं. एकजण तर म्हणाला, “मी मनाने केव्हाच दिलंय.” ताट फिरून परत आलं तेव्हा त्यात चार कवड्या आणि एक सुपारी होती, आणि सुपारी किडकी होती.

तेव्हा भिकूशेट उठून उभा राहिला.

“मंडळी, कोणी खिशात हात घालू नका,” तो म्हणाला. “माझ्या पेढीवर रुपये येतातच. आलेल्या प्रत्येक रुपयाच्या काठावरून मी कानशीचा एक हात फिरवीन. एकच. केसाएवढी चांदी निघेल. रुपया रुपयाच राहील, आणि ती धूळ देवीची. कोणाचं काही जाणार नाही आणि देवीचं काम होऊन जाईल.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग टाळ्यांवर टाळ्या पडल्या! द्यायचं नाही आणि दिल्याचं पुण्य मात्र पदरात, असा सौदा रोज थोडाच येतो?

दुसऱ्या दिवसापासून कानस चालू झाली. भिकूशेट मांडीवर चामडं पसरून बसे आणि प्रत्येक रुपयावरून एक हात फिरवी. खरखर असा आवाज येई आणि चामड्यावर पांढरी धूळ पडे. माणूस तसा सरळ. आपल्या मापाच्या रुपयालाही त्याने सोडलं नाही. देवीपुढे सगळे सारखे, असं म्हणून त्याच्यावरूनही तो अधूनमधून हात फिरवी.

इथेच मेख होती, बरं का. बेट केवढंसं! रुपया जाणार कुठे? आज पेढीवरून गेलेला रुपया वाण्याकडे, वाण्याकडून कोळणीकडे, कोळणीकडून माडीवाल्याकडे फिरून आठवड्याभरात परत पेढीवर हजर. पुन्हा कानशीचा एक हात. पुन्हा केसाएवढी धूळ. रुपये झिजत होते आणि मापाचा रुपयाही त्यांच्याबरोबर झिजत होता. पारडी मात्र नेहमी सारखी. भिकूशेट मान हलवी आणि लोक निर्धास्त. टाकसाळीतला एखादा नवा रुपया जरा जड लागला, तर त्याच्यावर कानशीचे दोनचार हात जास्त. रुपयाच्या काठावरची अक्षरं उडाली. पण ती अक्षरं कोणाला वाचता येत होती म्हणून गेलेली कळणार?

मुखवटा झाला. काय देखणा झाला! भिकूशेटने स्वतः घडवला. मोठे डोळे, भरलेले गाल, ओठांवर हसू. वाजतगाजत तो देवीला चढवला. पलीकडचे लोक मुद्दाम बघायला आले आणि गप्प होऊन परत गेले. त्या दिवशी खारबेटावर दिवाळीच झाली म्हणा ना. भिकूशेटला मानाचा नारळ मिळाला. आणि उरलेल्या धुळीतून लोकांनी त्याला एक चांदीचं कडं करायला लावलं. स्वतःच घडवलेलं कडं त्याने लाजत लाजत स्वतःच्या हातात घातलं.

मुखवटा झाला म्हणजे कानस थांबायला हवी होती. पण चांगली सवय कोण सोडतो? मग देवीला मुकुट झाला. मग प्रभावळ झाली. मग छत्र झालं. हळूहळू इतर दुकानदारांनीही कानशी आणल्या. म्हणाले, आम्हालाही सेवा करू द्या. त्यांच्याकडची धूळ देवीपर्यंत पोचायला मात्र जरा वेळ लागे. काहींची तर अजून वाटेतच होती.

फक्त भागी कोळीण एकदा पेढीवर थबकली. तिने रुपया तळहातावर वरखाली करून पाहिला.

“शेट, ह्यो रुपया हलका लागतोय,” ती म्हणाली.

“अगं, तेवढं देवीला दिलं,” भिकूशेट हसून म्हणाला.

“कोनी दिलं?”

भिकूशेटने तोंड उघडलं. पण मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि भागीच्या डोक्यावर मासळीची टोपली होती. ती निघून गेली. उत्तर राहूनच गेलं.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग एका वैशाखात समुद्राला अवेळी मोठं उधाण आलं. मिठागरांचे बांध फुटले आणि सगळं मीठ पाण्यात गेलं. दरवर्षी खारबेटकर मीठ देऊन तांदूळ घेत. आता द्यायला मीठ नव्हतं. पण लोक फारसे घाबरले नाहीत. “रुपये आहेत की!” असं म्हणून त्यांनी मडक्यांतले, गाडग्यांतले, कनवटीचे रुपये बाहेर काढले.

दाऊद नाखवाची गलबतं धक्क्याला लागली. हा दाऊद नाखवा दरसाल दक्षिणेकडून तांदूळ घेऊन येई. गोड बोलणारा, पण व्यवहाराला चोख. त्याने रुपयांची थैली हातात घेतली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने आपल्या कमरेचा एक रुपया काढला. तो त्याच टाकसाळीचा होता, पण साल पहिलं आणि बेटाबाहेर राहिलेला. तो त्याने एका पारड्यात टाकला आणि खारबेटकरांचा रुपया दुसऱ्या पारड्यात.

खारबेटकरांचं पारडं टुणकन वर गेलं.

“काय हो, तुमच्याकडे रुपये उंदीर खातात का?” नाखवाने विचारलं. मग तो गंभीर झाला. “हे बघा, मला पुढच्या बंदरात तोलूनच द्यावे लागतात. मीही तोलूनच घेणार. या चांदीत तुमचा निम्मा पावसाळा निघेल. वारं फिरायच्या आत मला निघायला हवं. अमावास्येच्या भरतीपर्यंत थांबतो. तेवढ्यात काय ते बघा.”

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. निम्मा पावसाळा! आणि उरलेल्या निम्म्याचं काय? बायका धक्क्यावरच खाली बसल्या. काहीजण टाकसाळीकडे धावले. तिथल्या साहेबाने एक रुपया उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “छाप आमची आहे. काठ आमचा नाही. आम्ही पुरते भरूनच दिले होते.” त्याने दार लावून घेतलं.

झालं, आता चोर शोधायची वेळ आली. कोणी म्हणालं, नाखवाचा तराजू खोटा. कोणी म्हणालं, टोपीकरांनीच हलके रुपये पाडले, आपल्याला अडाणी समजून. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. परक्याने फसवलं असं म्हटलं की मनाला बरं वाटतं. तरण्या पोरांनी वल्ही उचलली. कोणी म्हणे गढीवर चला, कोणी म्हणे आधी गलबतं अडवा. तेवढ्यात एकजण ओरडला, “थांबा! आधी शेटला विचारू. पारख त्याची. शेट म्हणेल ते खरं!”

सगळे भिकूशेटच्या पेढीवर आले. भिकूशेट खाली मान घालून बसला होता. समोर तराजू होता. एका पारड्यात त्याने नाखवाकडून मागून आणलेला रुपया होता आणि दुसऱ्यात त्याचा स्वतःचा मापाचा रुपया. मापाचा रुपया वर लटकत होता.

“शेट, बोला,” लोक म्हणाले. “टोपीकरांनी फसवलं ना आपल्याला?”

एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. भिकूशेटचं नाव राहिलं असतं, मान राहिला असता, हातातलं कडंही राहिलं असतं. लोकांना तेच ऐकायचं होतं. पण मग वल्ही चालली असती, डोकी फुटली असती आणि तांदळाची गलबतं भरल्या शिडाने निघून गेली असती. भिकूशेटला भागीची आठवण झाली. ती गर्दीत मागे उभी होती, काखेत नातू घेऊन.

“मंडळी,” तो म्हणाला, “नाखवाचा तराजू खरा आहे. टाकसाळही खरी आहे. खोटा माझा तराजू. रुपये मी खाल्ले.”

कोणाला काही कळेना. भिकूशेटने कानस उचलून दाखवली.

“कानशीचा एक हात म्हणालो होतो. एक नव्हता हो तो. तोच रुपया पुन्हा पुन्हा येत होता आणि मी पुन्हा पुन्हा घासत होतो. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं कधीतरी. पण लोक वाहवा करत होते, म्हणून मी मनाला कळू दिलं नाही.”

ज्यांच्या दुकानात कानशी होत्या ते तर हळूच मागे सरकले. मग एक म्हातारा चिडून म्हणाला, “आता हे सांगून पोट भरणार आहे का शेट?”

“भरेल,” भिकूशेट म्हणाला. “तांदूळ देवळात आहे. देवीच्या तोंडावर.”

यावर काय गहजब झाला म्हणून सांगू! देवीचा मुखवटा मोडायचा? कोणी कानांवर हात ठेवले, कोणी शिव्या दिल्या. सोनू गुरव देवीचा पुजारी. तो म्हणाला, “मी हात लावणार नाही. आधी कौल घ्या. आई हो म्हणाली तर बघू.”

तिकडे कौल घ्यायची रीत अशी: देवीच्या दगडी गालांवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण चांदीवर पाकळी टिकत नाही, लगेच घसरते. मुखवटा आल्यापासून खारबेटाने देवीला काही विचारलंच नव्हतं, आणि हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता कौल घ्यायचा तर मुखवटा उतरवायला हवा.

गुरवाने भीत भीत मुखवटा उतरवला.

आतून खारजाई दिसली. काळी, शेंदूर वाळलेली, नाक जरासं झिजलेली. लहान पोरांनी तर ती कधी पाहिलीच नव्हती. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझे आई!” असं म्हणून एकीने पदर पसरला. कितीतरी दिवसांनी माहेरचं माणूस भेटावं तसं झालं सगळ्यांना.

पाकळ्या लावल्या. उजवी पडली. काही म्हणतात, गुरवाने उजवीला पाणीच कमी लावलं होतं. लावलं असेल. त्याच्याही घरात चार लेकरं होती.

मुखवटा, मुकुट, प्रभावळ, छत्र, सगळं धक्क्यावर नेलं. दाऊद नाखवा दोन पावलं मागे सरला. “छे छे, शेट! देवाचं रूप मी कसं घेऊ? माझ्याही घरी अल्लाचं भय आहे.”

“नाखवा, हे देवीचं नाही,” भिकूशेट म्हणाला. “आमचंच आहे. आम्ही एकमेकांच्या खिशातून काढलं आणि तिच्या अंगावर टाकलं. तिला कुठे विचारलं होतं?”

“मग वितळवून आणा,” नाखवा म्हणाला. “चेहरा असलेलं घेणार नाही. नुसती चांदी असेल तर घेईन.”

भिकूशेटने भट्टी पेटवली. सगळ्यांत आधी त्याने हातातलं कडं काढून मुशीत टाकलं. मग ज्या हातांनी त्याने ते गाल घडवले होते, ते ओठांवरचं हसू घडवलं होतं, त्याच हातांनी त्याने ते मोडलं. त्याला रडू आलं. लोकांसमोर रडला, लपवलं नाही.

सगळं वितळवून झालं तरी चांदी कमी भरत होती. का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. भिकूशेट नुसता दुकानांच्या रांगेकडे बघत बसला. तासाभरात एकजण आला, “माळ्यावर सापडली” म्हणून एक पुडी ठेवून गेला. दुसरा आला, “बायको विसरली होती” म्हणाला. मग पुड्यांवर पुड्या येऊ लागल्या. वाटेत अडकलेली धूळ अशी एकदम पोचली.

चांदी पुरली. अमावास्येच्या भरतीला गलबतं रिकामी होऊन गेली आणि खारबेटाच्या कणग्या भरल्या. पुढे पाऊस लागला, समुद्र बंद झाला, आणि बेट जेवत राहिलं.

नारळी पौर्णिमेला लोक देवळात जमले. खारजाई उघड्या दगडी तोंडाने बसली होती. नवा शेंदूर लावला होता. भिकूशेट दाराशी एक रिकामं ताट घेऊन बसला होता. कानस त्याने भट्टी पेटवली त्याच दिवशी समुद्रात टाकली होती. त्याच्या पेढीवर आता पूर्वीसारखी गर्दी नसे, लोक रुपया स्वतः तोलून घेत. ते त्याला लागे, पण तो कोणाला दोष देत नसे.

लोक येत होते, ताटाकडे बघत होते, नमस्कार करून जात होते. सवयी काय एका पावसाळ्यात जातात?

मग भागी आली. तिने कनवटीची गाठ सोडली. आत एक रुपया होता, काठ खाल्लेला, पातळ. तो तिने ताटावर धरला. हात पुढे गेला, मागे आला. तिने एकदा देवीकडे पाहिलं, एकदा नातवाकडे. मग रुपया ताटात पडला. टण्‌ असा बारीक आवाज झाला आणि देवळातल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

“शेट,” भागी म्हणाली, “लई जिवावर आलं बगा.”

भिकूशेटचे डोळे भरून आले. “येऊ दे गं बाई,” तो म्हणाला. “आजवर कोणाच्याच जिवावर आलं नव्हतं.”

आणि त्याने तो रुपया उचलून आधी कपाळाला लावला, मग देवीपुढे ठेवला. वर्षभर ते ताट तिथेच राहिलं. वर्षाअखेर त्यात जमलेल्या चांदीचा मुखवटा काही झाला नाही. दोन लहान डोळे झाले. ते डोळे भिकूशेटने खारजाईच्या काळ्या दगडावर बसवले, आणि तेव्हापासून समुद्रावरून येणाऱ्या होडीतल्या माणसाला लांबूनच ते चमकताना दिसू लागले.

तात्पर्य: जे देताना देणाऱ्याच्या जिवावर येत नाही, ते दान नव्हे, ते कोणाच्या तरी ताटातून न विचारता उचललेलं असतं.